ब्लेरिओच्या विमानाचे दोरे

२५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने ज्या एकपंखी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याच्या पंखांचा विस्तार ७.८ मीटर होता. १ : २० प्रमाणात तो ३९ सेंटिमीटर होतो. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद व खळ घ्या. अवसरी खुर्दसारख्या गावी ज्वारीची धांडीही मिळतील.

पंखांना वरून-खालून बांधलेले दोरे शोभेचे समजून गाळू नका. उडताना हवा पंख उचलते, तो ताण खालच्या तारा घेतात. जमिनीवर पंखांचे वजन वरच्या तारा पेलतात. मग त्या बारीक असल्या तरी चालतील, असे वाटे. पण वेगाने खाली झेपावताना हवा पंख वरून दाबू शकते! १९१२ मध्ये खुद्द ब्लेरिओनेच हा धोका फ्रेंच सरकारला कळवला.

प्रतिकृतीचा वरचा दोरा सोडून पंख बोटाने हलकेच दाबा, आणि कामटी किती वाकते ते मोजा.