मशीनला मोटार बसवता येते

जून २०१८. तासगावजवळच्या एका एसटी थांब्यावर मी उभी होते आणि रिव्हर्स घेणारा टेम्पो अंगावर आला. उजवा पाय गुडघ्यापाशी चिरडला. वय ३८, धंदा शिवणकाम. जानेवारी २०१९ ला सांगलीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला, नोव्हेंबर २०२२ ला निकाल लागला. मधली दोन वर्षं करोनाने खाल्ली. आता नात्यातलं, ओळखीतलं कुणी पडलं-धडपडलं की मला फोन येतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवते.

१. पहिल्याच भेटीत मी वकिलांना विचारलं, "किती मिळतील?" त्यांनी उत्तर दिलं नाही. कागदावर उभ्या रेघा मारून नऊ खाने पाडले: उपचाराचा खर्च, प्रवास, आहार, देखभाल, बसून काढलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई, पुढच्या आयुष्यातली घटलेली कमाई, पुढचे उपचार, वेदना, आणि जगण्यातली हरवलेली मौज. "प्रत्येक खान्याचा पुरावा वेगळा," ते म्हणाले. "कोरा राहिला त्याचे पैसे कुणी देत नाही." ही विभागणी त्यांच्या मनाची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात जखमींच्या भरपाईचे खाने नीट मांडून दिले आहेत. त्यात आयुष्यच कमी झालं असेल तर त्याचाही एक आहे. माझ्या बाबतीत तो लागू नव्हता.

२. मेडिकलच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या वर्षभरात पांढऱ्या पडतात. मी त्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. काढल्या तेव्हा निम्म्यांवर काही वाचता येत नव्हतं. काहींवर माझं नावच नव्हतं, नुसतं 'पेशंट'. २,८४,००० ची बिलं दिली, २,३१,००० ची धरली गेली. पावती हातात पडली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि दुकानदाराकडून पूर्ण नाव घालून घ्या.

३. जाऊबाईंनी चार महिने माझं सगळं केलं. बेडपॅनपासून वेणीपर्यंत. त्याचे पैसे मागायचे म्हटल्यावर मला लाज वाटली. घरच्या माणसाने केलं, त्याचं बिल कसलं? वकील म्हणाले, बाहेरची बाई ठेवली असती तर पगार दिलाच असता ना. जाऊबाईंच्या चांगुलपणाचा फायदा टेम्पोवाल्याला कशाला? त्यांनी शपथपत्र केलं, महिना ६,००० प्रमाणे २४,००० मंजूर झाले. ज्याला जन्मभर माणूस लागणार, त्याचा हा खाना फार मोठा होतो. २०२० च्या काजल या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देखभालीचा खर्चही वयाच्या गुणकाने गुणून दिला. अपघात झाला तेव्हा ती १२ वर्षांची होती.

४. मी महिन्याला पंधरा हजार मिळवत होते. पुरावा काय, तर मापाच्या वह्या. गिऱ्हाइकाचं नाव, छाती-कंबर-उंची, ॲडव्हान्स, द्यायची तारीख, आणि चुरगळलेल्या कापडाचा एकेक तुकडा टाचलेला. मी त्या अकरा वह्या कोर्टात नेल्या. साहेबांनी दोन-तीन चाळल्या. धंदा आहे हे मान्य केलं, पंधरा हजार मान्य केले नाहीत; नऊ हजार धरले. आयकराचं विवरण एकदाही भरलं नव्हतं. कर लागत नाही तर कशाला भरायचं, असं आमच्या घरी सगळ्यांचंच मत. ते मत मला दर महिन्याला सहा हजारांना पडलं.

५. इथे थोडं थांबते, कारण खरी रक्कम इथेच असते.

अपंगत्वाच्या दाखल्यावर ४२ टक्के लिहिलं होतं. मला वाटलं, झालं, कमाईच्या ४२ टक्के. तसं नसतं. ते ४२ टक्के पायाचे. सगळ्या शरीराचे किती, हे वेगळं. आणि त्या शरीराने जो धंदा चालतो तो किती बसला, हे तिसरंच. राजकुमारच्या निकालातलं उदाहरण आमच्या वकिलांनी मला पाठ करायला लावलं होतं: डावा हात तुटला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळीच जाते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहते. हात एकच, आकडे दोन.

टेम्पोच्या विमा कंपनीचं म्हणणं, पाय म्हणजे शरीराचा एक भाग, ४२ चा तिसरा हिस्सा घ्या, १४ टक्के. उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी विचारलं,

"बाई, शिलाई मशीनला मोटार बसवता येते की नाही?"

"येते, पण—"

"हो किंवा नाही सांगा."

"हो."

"म्हणजे पायाची गरज नाही."

घरी येऊन मी रात्रभर त्या 'पण'च्या पुढचं वाक्य मनात बोलत राहिले. मोटारीलाही पायानेच दाबायचं पॅडल असतं, हे एक. दुसरं म्हणजे, शिवण्याआधी ब्लाऊज कापावा लागतो. मी जमिनीवर सतरंजी टाकून, एक गुडघा मोडून, कापडावर ओणवं होऊन कापायची. आता गुडघा मोडत नाही. टेबलावर उभ्याने कापते, तर तासाभरात पाय सुजतो. शाळेच्या गणवेशांचं काम, दर मे महिन्यात दीडशे-दोनशे जोड, त्यामुळेच सुटलं.

हे सगळं शेवटी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांनी ऑपरेशन केलं तेच साक्षीला आले, एक्स-रे घेऊन. गुडघा किती अंशात वाकतो ते सांगितलं आणि त्यावर, "या बाई जमिनीवर बसून कापड कापू शकणार नाहीत," हे एक वाक्य. नुसत्या दाखल्याने ते झालं नसतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरला कोर्टात आणा, त्याची फी द्यावी लागली तरी आणा. न्यायाधिकरणाने ३५ टक्के धरले.

हिशेब असा. नऊ हजारांत ४० टक्के वाढ, कारण पुढे कमाई वाढलीच असती. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत असेल तर एवढी धरतात, असं २०१७ च्या प्रणय सेठी निकालापासून ठरलं आहे. झाले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. माझ्या वयाला गुणक १५, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून. झाले २२,६८,०००. त्याचे ३५ टक्के ७,९३,८००. कंपनीच्या १४ टक्क्यांनी ३,१७,५२० झाले असते. सतरंजीवरच्या एका वाक्याची किंमत पावणेपाच लाख. मृत्यूच्या दाव्यात माणसाचा स्वतःचा खर्च वजा करतात. जखमीच्या दाव्यात करत नाहीत. मी जिवंत आहे, जेवते आहे, एवढं कायद्याला कळतं.

६. वेदनेचे ७५,०००. हा आकडा कुठून आला मला माहीत नाही, विचारायचीही इच्छा झाली नाही.

७. 'जगण्यातली मौज' या खान्यापाशी वकिलांनी विचारलं, "काय करता येत नाही आता?" मी म्हटलं, फुगडी. ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी पेन उघडलं आणि मी सांगत गेले: मंगळागौरीला खेळता येत नाही, पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, देवळात प्रदक्षिणा एकच, धाकट्याला कडेवर घेऊन जिना चढता येत नाही. ५०,००० मिळाले. फुगडीचा उल्लेख निकालपत्रात इंग्रजीत आहे.

८. कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई भेटायच्या. हात अधू झालेला. साक्षीत त्या म्हणाल्या, "मी काही कमवत नाही, घरीच असते." असं कधी म्हणू नका. स्वयंपाक, पाणी, म्हातारी माणसं, पोरं, म्हैस, सगळं सांगा. घरकामाला पैशात मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

९. नवऱ्याच्या कारखान्याच्या मेडिक्लेममधून आम्हाला १,१०,००० मिळाले होते. न्यायाधिकरणाने ते उपचारखर्चातून वजा केले, दोनदा कसे द्यायचे म्हणून. तेव्हा पटलं. अपिलाची ९० दिवसांची मुदत गेली. मग मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलं की मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही. हप्ते भरून केलेल्या कराराचे ते पैसे, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला कशाला. जाऊबाईंच्या बाबतीत जे म्हटलं होतं, तेच की हे! आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

१०. किरकोळ, पण विसरू नका. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दावा लावायला सहा महिन्यांची मुदत आली आहे. मी सात महिन्यांनी गेले होते, आज ते अंगाशी येऊ शकलं असतं. दावा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही लावता येतो. गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना २ लाख आहेत. माझ्या वेळी व्याजावर कर कापत, त्यासाठी पॅन द्यावं लागे.

११. एकूण ११,९६,८०० आणि अर्जाच्या तारखेपासून ७ टक्के व्याज. निम्मी रक्कम तीन वर्षं बँकेत ठेवीत अडकवली. मी चिडले होते. दिराने गाडीसाठी हात पसरले तेव्हा चीड गेली.

१२. पायातली पट्टी आणि स्क्रू काढायचं ऑपरेशन बाकी होतं. त्यासाठी डॉक्टरांचं अंदाजपत्रक जोडलं होतं, २०१९ चं. त्यावरून ४५,००० मंजूर झाले, त्यावर व्याज नाही. गुडघा पुढे बदलावा लागेल असं डॉक्टर तोंडी म्हणाले होते. ते कागदावर नव्हतं, म्हणून त्याचा एक रुपयाही नाही. ऑपरेशन मार्च २०२३ मध्ये झालं. बिल ५८,४०० चं आलं. पट्टी धुऊन माझ्या हातात दिली, ती बटणांच्या डब्यात आहे. मशीनला मोटार बसवली आहे. पॅडल डाव्या पायाने दाबते.