पेशीगत ताण आणि अर्बुद : प्रयोगशाळेतील निष्कर्ष व वैद्याचे कर्तव्य

धारणी परिसरातील आमच्या रुग्णांत खर्रा व तंबाखूचे सेवन सर्रास आढळते. गालाच्या आतील पांढरा चट्टा दाखवून ‘हळद लावू का?’ असे विचारणारेही येतात. हळदीवरील कर्करोगविषयक संशोधन नेमके काय सांगते, हे वैद्याने जाणणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पेशीगत ताण : उष्णता, प्राणवायूची न्यूनता वा विषद्रव्य यांमुळे पेशीतील प्रथिनांची घडी बिघडते. ती सावरण्यासाठी पेशी ‘हीट शॉक’ प्रथिने निर्माण करते. या प्रतिसादाची पहिली नोंद रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीवरील अभ्यासातून प्रसिद्ध केली. क्षती सावरण्यापलीकडे गेल्यास पी-५३ हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते किंवा तिचा नाश घडवते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३ चे जनुक विकृत असते. अनेक अर्बुदांत हीट शॉक प्रथिनेही वाजवीपेक्षा अधिक असतात. निरोगी पेशीचे रक्षण करणारी यंत्रणाच अशा रीतीने अर्बुदपेशीचे कवच बनते.

हळदीचा प्रयोग : मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील अझुइने व भिडे यांनी १९९२ मध्ये उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगकारक रसायनांनी होणाऱ्या जठराच्या व त्वचेच्या गाठींना हळदीने प्रतिबंध होतो, असे त्यात दिसले. रूढ अर्बुद हळदीने बरे होते, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय कर्क्युमिन अल्प मात्रेत ताण शमवते, तर अधिक मात्रेत पेशीवर स्वतःच ताण आणते. आणि पोटात घेतलेल्यापैकी फारच थोडे रक्तात पोहोचते. बशीतील पेशींवर दिसलेला परिणाम रुग्णात गृहीत धरता येत नाही, तो याच कारणाने.

व्यवहारात : निदानपरिवर्जन, म्हणजेच तंबाखू सोडवणे, हीच पहिली चिकित्सा होय. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला चट्टा वा व्रण लेपावर न ठेवता तपासणीसाठी उपजिल्हा रुग्णालयात पाठवावा. गरजेनुसार तुकडा तपासून निदान निश्चित व्हावे. किरणोपचारात अर्बुदपेशीवर मुद्दाम ताण आणला जातो. त्या काळात ताण शमवणारे रसायनद्रव्य अर्बुदालाच साह्य करण्याचा संभव असल्याने, उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संमतीविना ते देऊ नये.

अर्बुदाचा अंश शेष राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात बजावले आहे. अर्धवट उपचारात दवडलेला काळ रुग्णास परत मिळत नाही, हे वैद्यबंधूंनी सदैव ध्यानी ठेवावे.