कापणीच्या दिवसाचा हक्क

जगाची लोकसंख्या आठशे कोटींवर गेली आहे. एवढ्या माणसांना ही जमीन पोसू शकेल काय? सूरह हा-मीम सजदाच्या दहाव्या आयतीत अल्लाहने कळविले आहे की, त्याने पृथ्वीत बरकत ठेवली आणि गरजवंतांसाठी अन्नाची व्यवस्था निश्चित केली. मग भूक का आहे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार २०२२ साली घरे, उपाहारगृहे व दुकाने यांतून १०५ कोटी टन अन्न वाया गेले. २०२३ साली सुमारे ७३ कोटी माणसे उपाशी होती. उणीव जमिनीच्या देण्यात नाही, आपल्या वाटपात आहे.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसावे असा नाही. १९७२ च्या दुष्काळातील सुकडी आणि मिलो आपल्या परभणीतील वडीलधाऱ्यांना आजही आठवतात. त्याच वर्षी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे २०१८ साली तेथूनच लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आली. माणूस, पक्षी वा जनावर ज्या पिकातून खाते, ते पेरणाऱ्यासाठी सदका ठरते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

परंतु पीक घरात आले की दुसरे कर्तव्य सुरू होते. सूरह अल्-अनआमच्या १४१ व्या आयतीत कापणीच्या दिवशीच पिकाचा हक्क देण्याची आणि उधळपट्टी टाळण्याची आज्ञा एकत्र आली आहे. हा हक्क म्हणजे उश्र. पावसावर आणि जमिनीच्या ओलीवर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा. विहिरीवर मोटार लावून, खर्च करून भिजविलेल्या पिकाचा विसावा. कोरडवाहू ज्वारी चाळीस क्विंटल झाली, तर चार क्विंटल गरिबांचे. तीच बागायती असेल, तर दोन. शेतकऱ्याच्या कष्टाचाही येथे विचार केलेला आहे. निसाब व इतर तपशील आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा.

ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांनी आपले दस्तरख्वान पाहावे. पडलेला घास उचलून, स्वच्छ करून खाण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिली, कारण बरकत कोणत्या घासात आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. मग वलीम्यानंतर उकिरड्यावर पडणाऱ्या भाताचे उत्तर आपण काय देणार?

यंदा खळ्यावर पोती भरताना पहिले माप गरिबाचे काढा, आणि ते काढताना मुलांना जवळ उभे करा. अल्लाह आपल्याला हा हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.