भूर्जवृक्ष

बहुतेक वृक्ष फुलांवरून, फळांवरून किंवा पानांवरून ओळखले जातात. भूर्जवृक्षाची खरी ओळख मात्र त्याची साल होय. हिमालयात सुमारे ३,००० ते ४,५०० मीटर उंचीवर, जेथे अन्य मोठे वृक्ष क्वचितच तग धरतात, तेथे हा वृक्ष वाढतो. अनुकूल जागी त्याची उंची २० मीटरपर्यंत जाते. त्याची पाने अंडाकृती व दातेरी कडांची असून हिवाळ्यापूर्वी पिवळी होऊन गळतात. फुले लोंबत्या मंजऱ्यांत येतात, आणि इवलेसे पंख असलेले बी वाऱ्याबरोबर दूर जाते.

भूर्जाची साल कागदासारख्या पातळ पदरांनी सुटते. पूर्वेकडे तिचा रंग तांबूस असतो. पश्चिम हिमालयातील एका प्रकाराची साल पांढरीशुभ्र असते. या शुभ्र बुंध्याच्या शोभेसाठी युरोपातील उद्यानांत तो आवर्जून लावतात.

आपल्या पूर्वजांनी या सालीवर ग्रंथ लिहिले. तिलाच आपण भूर्जपत्र म्हणतो. १८७५ मध्ये जॉर्ज ब्यूलर या पंडितांनी मुंबई सरकारसाठी काश्मीरमधून अनेक हस्तलिखिते मिळविली. त्यांतील भूर्जपत्रावरील शारदा लिपीतील ऋग्वेद आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जतन केलेला आहे. या संस्थेतील ऋग्वेदाच्या हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत स्थान मिळाले.

शुभ्र भूर्जाच्या शास्त्रीय नावाशी मुंबईचाही संबंध आहे. व्हिक्तोर झाकमाँ हा तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १८२९ मध्ये भारतात आला. हिमालयातील वनस्पती गोळा करून तो दक्षिणेकडे उतरला आणि साष्टी बेटावरील रानांत हिंडला. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे याच बेटावर वसलेली आहेत. त्या रानांतच आपल्याला दुखणे जडले असावे, असे त्याला वाटत होते. ७ डिसेंबर १८३२ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, मुंबईत त्याचा अंत झाला. पुढे शास्त्रज्ञांनी शुभ्र भूर्जाला त्याचे नाव दिले.

मुंबईच्या उष्ण हवेत भूर्ज रुजत नाही. हिमालयातही सरपणासाठी होणारी तोड आणि सालीची ओरबाड यांमुळे तो अनेक ठिकाणी विरळ झाला आहे. तो सावकाश वाढतो. म्हणून एक वृक्ष तुटला, तर त्याची जागा लवकर भरून निघत नाही. ज्याने आपले ज्ञान शतकानुशतके सांभाळले, त्या वृक्षाला सांभाळणे हे आता आपले कर्तव्य आहे.