सात की साठ? फोनवरची ऑर्डर हॅम रेडिओवाल्यांसारखी घ्या

मागच्या व्हिडिओत आपण ऑर्डरची वही कशी ठेवायची ते पाहिलं. पण वहीत लिहिलेलं मुळात नीट ऐकलेलं असतं का?

माझं फराळाचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर एका ऑफिसातून फोन आला. मी ऐकलं 'सात बॉक्स'. त्यांनी सांगितले होते साठ. माणूस टेम्पो घेऊन दारात उभा, आणि माझ्याकडे सात बॉक्स! ते गिऱ्हाईक परत कधी आलं नाही. चूक माझीच, मी "हो हो, कळलं" म्हणून फोन ठेवला होता.

हे आठवलं परवा, एका विद्यार्थ्यानं मला हॅम रेडिओ क्लबच्या संध्याकाळी नेलं तेव्हा. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, मग स्वतःच्या संचावरून गावात, कधी थेट परदेशातही बोलायचं. गच्चीत अँटेना, टेबलावर संच, बाजूला चहा. साडेआठला त्यांचं 'नेट' सुरू झालं. एकजण सूत्रधार, तो एकेकाला पुकारतो, बाकीचे गप्प. बटण दाबून बोलत असताना समोरच्याचं ऐकूच येत नाही, त्यामुळे बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचं. आपल्या मीटिंगांना असं एक बटण बसवायला हवं!

त्या खरखरीत नाव कसं कळणार? म्हणून प्रत्येक अक्षराला शब्द ठरलेला. व्ही म्हणजे व्हिक्टर, यू म्हणजे युनिफॉर्म, बी म्हणजे ब्राव्हो, डी म्हणजे डेल्टा. आकडे सुटे सुटे. ऐकणारा ते परत म्हणून दाखवतो, समोरचा 'बरोबर' म्हणतो, मगच नोंदवहीत वेळ आणि नाव चढतं. आवाज कसा येतोय तेही आकड्यांत सांगतात: स्पष्टता ५ पैकी, जोर ९ पैकी. 'फाइव्ह नाइन' म्हणजे उत्तम. (काहीजण नुसत्या सौजन्यापोटीही 'फाइव्ह नाइन' देऊन टाकतात. आपलं "हो हो, कळलं" तेच!)

आता दुकानात काय करायचं? आकडा दोनदा, दोन प्रकारे: "साठ, म्हणजे सहावर शून्य, बरोबर?" एकोणसत्तर-एकोणऐंशीला तर हे हवंच. नाव घेताना "ब बदकातला, की भ भटजीतला?" विचारायला लाजू नका. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. त्यात बीचा डी झाला तर गिऱ्हाइकाचं क्रेडिट अडकतं आणि शिव्या आपल्याला. तो शब्दांनीच घ्या, आणि पूर्ण परत वाचून दाखवा. वाचून दाखवायला वीस सेकंद लागतात. फोन मुलानं घेतला असेल तर त्यानंच वाचायचं, मालकानं नाही.

मला वाटलं, डिलिव्हरीच्या पोरांनाही असे संच द्यावेत. तिथले एक काका हसले, "अहो, धंद्याचं बोलणं या लहरींवर चालत नाही, परवाना जाईल." तेव्हा आपला फोनच बरा.

निघताना सगळे एकमेकांना 'सेव्हन थ्री' म्हणत होते. म्हणजे शुभेच्छा. सात आणि तीन, सुटे सुटे.