ठिपके मावळल्यानंतरचा रोग : खाऱ्या पाण्यातील माशांवरील उपचारांविषयी

खाऱ्या पाण्यातील माशांना होणाऱ्या परजीवी रोगांपैकी पाळकाची सर्वांत मोठी फसगत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात होते, कारण माशाच्या अंगावरचे ठिपके औषध न देताही आठवड्याभरात नाहीसे होतात आणि रोग मात्र टाकीतच राहतो. ज्या पाळकांनी हा रोग आपल्या टाकीत पाहिला आहे, त्यांच्या अनुभवाचे सार एका नियमात सांगता येते : उपचाराची मुदत माशाच्या कातडीकडे पाहून ठरवू नये, ती परजीवीच्या जीवनचक्रावरून ठरवावी. समुद्रापासून रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या, सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर या भागात हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण तेथे खाऱ्या पाण्याचा प्रत्येक लीटर शुद्ध पाण्यात सागरी मीठ विरघळवून घरीच तयार करावा लागतो आणि नळाला पाणी रोज येत नसल्याने त्याचा साठाही आधीच करून ठेवावा लागतो.

या रोगाच्या कारक जीवाला ई. एम. ब्राऊन यांनी 1951 मध्ये क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स असे नाव दिले. पक्ष्माभिका, म्हणजे पेशीवरील केसांसारख्या सूक्ष्म वाढी, यांच्या साहाय्याने हालचाल करणारा हा एकपेशीय जीव माशाच्या बाह्यत्वचेखाली आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस तेथेच वाढतो, आणि रव्याच्या कणासारखा दिसणारा ठिपका म्हणजे त्याची हीच अवस्था होय. पूर्ण वाढ झाल्यावर तो, बहुधा रात्रीच्या अंधारात, मासा सोडून तळाशी उतरतो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कठीण कोश तयार करतो. कोशात त्याचे विभाजन होऊन दोनशेपर्यंत पिल्ले तयार होतात, आणि ती बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. त्वचेखालच्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही आणि कोशालाही ते भेदता येत नाही. औषधाचा परिणाम होतो तो केवळ पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लांवर. सर्व कोश एकाच वेळी फुटत नसल्याने औषधाची मात्रा आठवडेच्या आठवडे अखंड राखावी लागते, हे त्यातूनच निष्पन्न होते.

जुळे सोलापुरातील एखाद्या घरी हा रोग शिरतो तेव्हा घटनांचा क्रम बहुधा सारखाच असतो. मुंबई किंवा चेन्नईच्या व्यापाऱ्याकडून प्राणवायू भरलेल्या पिशवीतून आलेला मासा प्रवासाने थकलेला असतो, आणि त्याला वेगळे न ठेवता थेट मुख्य टाकीत सोडले जाते. काही दिवसांत ठिपके दिसतात, मासा दगडांना अंग घासतो, दुकानातून आणलेले औषध दोन-तीन दिवस दिले जाते, ठिपके जातात आणि औषध बंद होते. मग पंधरवड्याच्या आत तळाचे कोश फुटून टाकीतील सर्वच मासे एकदम आजारी पडतात. या दुसऱ्या लाटेच्या घाईत होणारी चूक सर्वांत महाग पडते. सोलापूर हा द्राक्षे आणि डाळिंबांचा जिल्हा असल्याने बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी लागणारे मोरचूद कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते, आणि तांबे हेच या रोगावरचे औषध असल्याचे ऐकून ते चिमटीने टाकीत टाकले जाते.

या चुकीचे गांभीर्य साध्या हिशेबाने कळते. पाण्यात मुक्त स्वरूपातील तांब्याची उपचारमात्रा प्रति लीटर 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम इतकीच असते. मोरचुदात, म्हणजे स्फटिकरूप कॉपर सल्फेटमध्ये, तांब्याचा वाटा वजनाने सुमारे 25 टक्के असतो, म्हणून शंभर लीटर पाण्याला जेमतेम 80 मिलिग्रॅम मोरचूद पुरते आणि एका चिमटीचे वजन त्याच्या कितीतरी पट भरते. मात्रा कमी पडल्यास परजीवी जगतो, जास्त झाल्यास मासा दगावतो, आणि योग्य मात्रेतही कोळंबी, गोगलगायी व समुद्रफुले मरतात. चुनखडीयुक्त वाळू व दगड पाण्यातील तांबे शोषून घेतात, त्यामुळे मुख्य टाकीत मात्रा स्थिर राहत नाही. म्हणून तांब्याचा उपचार वाळू व दगड नसलेल्या वेगळ्या टाकीतच करावा, त्यासाठी माशांकरिता बनवलेले औषध वापरावे, तांबे मोजण्याच्या संचाने रोज मात्रा तपासावी आणि ती किमान तीन ते चार आठवडे टिकवावी. बंधित स्वरूपातील तांब्याची मात्रा निराळी असते, ती त्या औषधाच्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच ठेवावी. घरातील तांब्याच्या हंड्यातले पाणीही टाकीसाठी वापरू नये, कारण जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली तांब्याची मर्यादा प्रति लीटर 2 मिलिग्रॅम आहे, म्हणजे माणसाला चालणारे पाणी माशाच्या औषधमात्रेच्या दहापट तांबे बाळगू शकते.

औषध निवडण्यापूर्वी रोग ओळखणे आवश्यक असते. ब्राऊन यांनीच 1931 मध्ये वर्णिलेला ॲमिलूडिनियम ऑसेलॅटम हा दुसरा एकपेशीय परजीवी मखमली रोग घडवतो. त्यात अंगावर सुट्या ठिपक्यांऐवजी बारीक पिवळसर भुकटी पसरल्यासारखी दिसते, परंतु मुख्य आघात कल्ल्यांवर होत असल्याने भुकटी दिसण्यापूर्वीच श्वास जलद होतो, मासा अन्न सोडतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. शंका आल्यास त्वचेचा किंवा कल्ल्याचा अलगद घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, आणि त्यासाठी शहरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतील जाणकारांची मदत मागण्यात संकोच करू नये.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण क्षारता उतरवण्याचा उपाय ठिपक्यांच्या रोगावर चालतो, मखमली रोगावर चालत नाही. या उपायात वेगळ्या टाकीतील पाण्याची सापेक्ष घनता, जी समुद्रात सुमारे 1.025 असते, ती हळूहळू 1.009 पर्यंत आणून किमान तीन आठवडे तेथेच ठेवतात, म्हणजे कोशांतील पिल्ले वाढू शकत नाहीत. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढे जातो आणि कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते. वाफ होऊन केवळ पाणी जाते व मीठ मागे उरते, त्यामुळे सकाळी योग्य असलेली घनता संध्याकाळपर्यंत वाढलेली असू शकते. म्हणून ती दिवसातून दोनदा अचूक मापकाने तपासावी आणि तूट बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानेच भरावी. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि रोगट कल्ल्यांना तो अधिक लागतो, म्हणून वीज गेल्यावर चालणारा हवेचा पंप उन्हाळ्यात जवळ असणे अगत्याचे आहे.

औषधाविना करण्याचा तिसरा उपाय टाकीबदलाचा. मासे दर तीन दिवसांनी, असे एकूण चार वेळा, स्वच्छ व कोरड्या टाकीत ताज्या खाऱ्या पाण्यात हलवले, तर गळून पडलेले परजीवी कोशासह मागे राहतात आणि फुटण्यापूर्वीच माशापासून तुटतात. सोलापूरचे ऊन येथे उपयोगी पडते, कारण रिकामी टाकी, जाळी व नळ्या उन्हात पूर्ण वाळवल्या की कोश टिकत नाहीत. मात्र चारही वेळांचे पाणी पहिल्या दिवसापूर्वीच पिंपांत साठवलेले असावे.

मासे वेगळ्या टाकीत असेपर्यंत मुख्य टाकी माशांविना चालू ठेवावी. उशिरा फुटणाऱ्या कोशांची नोंद 72 दिवसांपर्यंत झालेली असल्याने जाणकार 76 दिवसांची मुदत पाळतात, आणि त्या काळात कोळंबी व गोगलगायी तेथेच सुरक्षित राहतात. याच मुदतीत उतावीळ होऊन एकच मासा परत सोडला, तरी सारे श्रम वाया जातात.

या सर्व खटाटोपापेक्षा नव्या माशाला चार ते सहा आठवडे वेगळे ठेवणे स्वस्त आणि माशाच्या दृष्टीने दयाळू ठरते. चाळीस-पन्नास लीटरची साधी टाकी, मुख्य टाकीत आधीपासून ठेवून जिवाणू वसवलेला स्पंजचा फिल्टर, आडोशासाठी प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा आणि अमोनिया मोजण्याचा संच एवढी सामग्री त्यासाठी पुरते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले असल्याने टाकीत जन्मलेला मासा निवडणेही आता शक्य आहे, तथापि दुकानाच्या टाकीत त्यालाही लागण होऊ शकते, म्हणून विलगीकरणातून त्याला सूट देऊ नये. जुळे सोलापुरात ज्याला खाऱ्या पाण्याचा छंद सुरू करायचा आहे, त्याने पहिल्या माशाआधी ही दुसरी टाकी मांडावी, आणि तिच्यासाठी घरात जागा किंवा पाणी नसेल तर मासा आणू नये. परावलंबी जिवाला घरात आणणाऱ्यावर त्याच्या आजाराचीही जबाबदारी येते.