खाणीची खरेदी आणि स्थानिक पुरवठादार : घाना देशाचा अनुभव

एखाद्या भागात खाण येणार असे कळले की लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो तो नोकरीचा. किती मुले लागतील, कायम की कंत्राटी, जमीन दिलेल्यांना आधी घेणार की नाही, यावर गावोगाव चर्चा झडते. हा प्रश्न महत्त्वाचाच आहे. परंतु आजची मोठी खुली खाण ही यंत्रांची खाण आहे. शंभर टनांहून अधिक माल वाहणारा एक डंपर चालवायला एका पाळीत एकच माणूस पुरतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही नोकरीचा विषय थोडा बाजूला ठेवून खाणीच्या खरेदीचा विचार करणार आहोत.

चालू खाण दररोज काही ना काही विकत घेत असते. डिझेल, स्फोटके, रसायने, पोलाद, टायर, यंत्रांचे सुटे भाग, पाइप, कामगारांच्या डांगऱ्या व बूट, खानावळीतील भाजीपाला, वाहतूक, पहारेकरी अशी ही यादी फार लांब जाते. बहुतेक मोठ्या खाणींत मजुरी आणि सरकारी कर यांपेक्षा या खरेदीवरच अधिक पैसा खर्च होतो. तो पैसा देशात राहतो की बंदरावरूनच परत जातो, यावर त्या देशाला खाणीपासून काय मिळाले हे बऱ्याच अंशी ठरते. विकसनशील देशांत हा प्रश्न गेल्या काही दशकांत पुढे आला. त्यांपैकी घाना या पश्चिम आफ्रिकेतील देशाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते.

इंग्रजांच्या काळात या प्रदेशाचे नावच ‘गोल्ड कोस्ट’ होते. ओबुआसी येथे १८९७ पासून कंपनीच्या मालकीची सोन्याची खाण आहे. देश १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. पुढे १९८६ च्या खनिज कायद्याने परदेशी भांडवलाला दारे उघडली गेली, टार्क्वा व इतर ठिकाणी मोठ्या खाणी निघाल्या, आणि २०१९ मध्ये घानाने दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आफ्रिकेतील सर्वांत मोठा सोने उत्पादक देश हे स्थान मिळवले. सरकारच्या पदरी काय पडले? २०१० मध्ये रॉयल्टी ५ टक्के ठरवण्यात आली. म्हणजे शंभर रुपयांच्या सोन्यामागे पाच रुपये. नफ्यावरचा कर वेगळा, पण तो नफा दाखवला तर मिळणार. तेव्हा उरलेल्या रकमेपैकी जी खरेदीवर जाते तिच्याकडे सरकारचे लक्ष जाणे साहजिकच होते.

आता सोने कसे निघते ते थोडक्यात पाहू, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा समजणार नाही. एक टन दगडात सोने असते ते काही ग्रॅम. म्हणून दगड आधी फोडतात, मग प्रचंड आकाराच्या फिरत्या पिंपात पाणी घालून त्याचे पीठ करतात. या पिंपात पोलादी गोळे टाकलेले असतात. दगड दळता दळता ते गोळेही झिजतात आणि सतत नवे घालावे लागतात. नंतर त्या लगद्यात सायनाइडचे द्रावण मिसळून सोने विरघळवतात. त्या वेळी द्रावण आम्लधर्मी झाले तर विषारी वायू सुटतो. तसे होऊ नये म्हणून त्यात चुना घालावा लागतो. हा लगदा इकडून तिकडे नेण्यासाठी जाड प्लॅस्टिकचे पाइप लागतात. गोळे, चुना आणि पाइप या तीनही वस्तू वजनाने किंवा आकाराने मोठ्या, रोज लागणाऱ्या, आणि बनवायला फार अवघड नाहीत. त्या जहाजाने आणण्यात भाडेच बरेच जाते.

घानाच्या २००६ च्या खनिज कायद्यात देशी मालाला व देशी सेवांना प्राधान्य द्यावे असे कलम होतेच. परंतु ‘प्राधान्य द्यावे’ या दोन शब्दांनी कोणाचे पोट भरत नाही. २०१२ मध्ये नियम झाले तेव्हा त्याला दात आले. प्रत्येक खाण कंपनीने पाच वर्षांची खरेदी योजना खनिज आयोगाकडे सादर करावी आणि ठराविक वस्तू देशातच घ्याव्यात असे ठरले. पहिल्या यादीत दळणाचे पोलादी गोळे, स्फोटके, सिमेंट, विजेच्या केबली, कळीचा व विरवलेला चुना, प्लॅस्टिकचे पाइप, वंगण तेल, टायरचे रिमोल्डिंग या बाबी होत्या. पुढे यादी वाढत गेली आणि २०२० मध्ये अधिक विस्तृत नियम आले. शिवाय, दोन निविदांच्या दरांत २ टक्क्यांच्या आतच फरक असेल तर जिच्यात घानाच्या नागरिकांचा वाटा जास्त ती निवडावी, अशीही तरतूद करण्यात आली.

आमच्या मते या यादीत शहाणपण आहे. ‘डंपर देशातच बनवा’ असे घानाने म्हटले नाही. तसे म्हटले असते तर नियम पहिल्याच वर्षी हास्यास्पद ठरला असता. जे कारखाने देशात आहेत किंवा थोड्या भांडवलात उभे राहू शकतात, त्यांनाच आधी गिऱ्हाईक मिळवून दिले. राजधानी अक्राजवळ टेमा हे बंदर व औद्योगिक शहर आहे. तेथे भंगार वितळवून पोलाद करण्याचा धंदा होताच. त्याला गोळ्यांची मागणी ही आयती संधी झाली.

तथापि कारखानदाराला जे जमते ते खाणीशेजारच्या खेड्यातील माणसाला जमतेच असे नाही. अहाफो भागात २००६ मध्ये न्यूमाँट कंपनीची खाण सुरू झाली. तेथे कंपनी व जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ यांनी मिळून लहान पुरवठादारांसाठी खास कार्यक्रम चालवला. निविदा कशी भरावी, हिशेब कसा ठेवावा, सुरक्षिततेचे नियम कोणते, हे तेथे शिकवावे लागले. अशा ठिकाणच्या अडचणी जगभर सारख्याच असतात. निविदेचे कागद इंग्रजीत आणि वकिली थाटाचे. कामाचे पुडके इतके मोठे बांधलेले की गावचा माणूस ते उचलूच शकत नाही. ते फोडून लहान केले तर मात्र उचलतो. आणि सर्वांत जाचक म्हणजे बिलाची वाट पाहणे. साठ-नव्वद दिवस पैसे अडकले तर मोठी कंपनी तग धरते, पण सावकाराकडून उचल घेऊन माल भरलेला माणूस पहिल्याच कंत्राटात बुडतो. खरेदी वाढवा असे कंपन्यांना सांगताना बिले वेळेवर द्या हेही तितक्याच जोराने सांगितले पाहिजे.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. स्थानिक म्हणजे कोण? खाणीच्या कुंपणालगतच्या गावचा, जिल्ह्यातला, की देशात कोठेही नोंदणी झालेला? कंपन्यांच्या अहवालात बहुधा शेवटचा अर्थ धरलेला असतो, कारण त्याने आकडा फुगतो. विद्यार्थ्यांनी पुढील हिशेब करून पाहावा. आकडे आमचे, केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. एक व्यापारी परदेशी ड्रिल बिट ९० रुपयांना आणून खाणीला १०० रुपयांना विकतो. दुसरा माणूस ४० रुपयांचे बाहेरचे कापड आणून गावातल्या शिलाई यंत्रांवर डांगऱ्या शिवतो व १०० रुपयांना देतो. अहवालात दोघांचीही ‘स्थानिक खरेदी’ १०० रुपयेच लिहिली जाते. प्रत्यक्षात पहिल्यामुळे देशात १० रुपये राहिले, दुसऱ्यामुळे ६०. घानातही परदेशी कारखान्यांच्या स्थानिक दलालांमार्फत होणारी खरेदी हा टीकेचा विषय राहिला आहे.

दुसरा प्रकार याहून वाईट. मालक म्हणून नाव एकाचे लावायचे, धंदा आणि नफा दुसऱ्याचा. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर खाणींनी कृष्णवर्णीयांच्या उद्योगांकडून खरेदी करावी असे धोरण आले आणि त्याबरोबर नामधारी मालकही आले. अखेर २०१३ च्या दुरुस्ती कायद्याने असे बनाव करणे हा फौजदारी गुन्हा ठरवून १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. सवलत जेथे जाते तेथे तिच्या मागोमाग तोतया जातो, हे आपल्याकडील बनावट दाखले पाहिलेल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. सक्तीमुळे महाग व हलका माल गळ्यात पडतो, असे त्या म्हणतात, आणि दळणाचा गोळा फुटून यंत्र बंद पडले तर होणारा तोटा खरा असतो. शिवाय १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हाच्या करारान्वये, परदेशी गुंतवणूकदारांवर देशी माल घेण्याची सक्ती करण्यावर बंधने आली आहेत. म्हणून काही देशांत सक्तीऐवजी प्रोत्साहनाचा मार्ग धरला जातो. चिलीमध्ये २००९ पासून बीएचपी कंपनीने व पुढे सरकारी कोडेल्को कंपनीने वेगळी पद्धत वापरली. अमुक वस्तू हवी अशी निविदा न काढता, आमची अमुक अडचण आहे, उपाय सुचवा, असे देशी उद्योगांना आवाहन केले. ही कल्पना उत्तम आहे. पण चिलीत अभियंते आणि जुने कारखाने होते, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक धोका आहे. ओबुआसीच्या खाणीचे काम २०१४ च्या अखेरीस थांबवण्यात आले. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला २०१९ साल उजाडले. ज्याचे एकमेव गिऱ्हाईक खाण होती त्याने ही पाच वर्षे कशी काढली असतील याची कल्पना करावी. पाइप किंवा सिमेंट बनवणाऱ्याला पाणीपुरवठा आणि घरबांधणीचे गिऱ्हाईक तरी असते. केवळ खाणीच्या यंत्रालाच बसेल असा भाग करणाऱ्याला ते नसते.

घाना दूर असला तरी हा विषय आपल्या दाराशी आहे. नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. ही केंद्र सरकारची कंपनी असल्याने तिला २०१२ चा सार्वजनिक खरेदी आदेश लागू आहे. त्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा वाटा आधी २० टक्के होता, तो २०१८ च्या दुरुस्तीने २५ टक्के झाला. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिलांसाठी राखून ठेवलेले आहेत. अशा उद्योगाला बयाणा रक्कम माफ असते. त्याचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी, तो कमी दर मान्य केल्यास कामाचा काही भाग त्याला मिळतो. घानातील २ टक्क्यांशी याची तुलना करून पाहावी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ही सवलत नाही, म्हणजे वर सांगितलेला ड्रिल बिटवाला येथे बसत नाही. लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो.

इतके सगळे असूनही देशभरातील केंद्रीय सार्वजनिक उद्योगांच्या खरेदीत त्या ४ टक्क्यांऐवजी अनेक वर्षे एक टक्काही भरला नाही. उद्योजकच नाहीत असे कार्यालये म्हणतात. निविदेच्या अटी आम्हांला बाहेर ठेवण्यासाठीच लिहिलेल्या असतात, असे उद्योजक म्हणतात. मागील तीन वर्षांची उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव या दोन अटी वाचल्या तर उद्योजकांच्या म्हणण्यात आम्हांस अधिक तथ्य दिसते. या खरेदीवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये ‘संबंध’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही एका सरकारी कंपनीचे आकडे घेऊन त्यातील अनुसूचित जाती-जमातींचा रकाना वेगळा काढावा, आणि जमल्यास एखाद्या पुरवठादाराला भेटून शंभर रुपयांच्या बिलातले किती रुपये त्याच्या वस्तीत खर्च झाले हे विचारावे.